दगड आधी, वाळू नंतर

मँटिस श्रिंपसाठी लावलेल्या तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा फोटो पाहिला. दगडांचा मनोरा झकास दिसतो, पण तो वाळूवर उभा आहे ना? मग आजच उतरव. हा कोळंबीसारखा दिसणारा समुद्री प्राणी खणण्यात पटाईत; खालची वाळू सरकली की वरचा दगड थेट त्याच्या अंगावर, नाहीतर काचेवर. मोठे दगड टाकीच्या तळाला टेकव, हाताने हलवून बघ, डुगडुगला तर जागा बदल, आणि मगच वाळू ओत. सांधे ॲक्वेरियमच्या इपॉक्सी गोंदाने पक्के कर.

बिळाची सोय तूच करून दे. पीकॉक मँटिस (मँटिस श्रिंपचीच एक जात) १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला दोन्ही तोंडं उघडी असलेला, 'यू' आकारात जोडलेला पीव्हीसी पाइप मानवतो. आत वळता येईल इतका रुंद हवा. एक तोंड पुढच्या काचेकडे ठेव, नाहीतर महिनोन्महिने नुसता फिल्टर बघत बसशील. शिवाय बोटाच्या पेराएवढे दगडाचे तुकडे मूठभर टाक. माझा मँटिस एकेक तुकडा उचलून आणतो, दारात बसवून बघतो, पसंत पडला नाही की फेकून देतो. गवंडी परवडला! रात्री त्याच तुकड्यांनी दार बंद.

आणि हो, मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नकोस. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. कोरडा सच्छिद्र दगड घे, पाण्यातली विषारी द्रव्यं पचवणारे बॅक्टेरिया त्यावर बसायला चार-सहा आठवडे दे. ती द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, शून्यावर आल्याशिवाय पाहुणा घरात घेऊ नकोस.