बाळाला सांभाळणाऱ्या मावशींना कोणत्या लसी द्याव्यात?

लहान बाळे सांभाळायला घरी येणाऱ्या स्त्रियांच्या लसीकरणाविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. रजा संपत आल्यामुळे दिवसभरासाठी एक मावशी ठेवणार आहोत. मुलीच्या लसी वेळेवर चालू असताना मावशींनाही लस देण्याची खरोखर गरज आहे का? (धरमपेठ)

होय, आहे. डांग्या खोकल्यापासून संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस आपल्या वेळापत्रकानुसार ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते. म्हणजे तिन्ही डोस पूर्ण होईपर्यंत बाळ सव्वातीन महिन्यांचे झालेले असते, आणि हा आजार नेमका याच वयात सर्वांत घातक असतो. मोठ्या माणसाला डांग्या खोकला झाला तर बहुधा रेंगाळलेल्या खोकल्यापलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे तो कामावर येत राहतो. तान्ह्या बाळात मात्र तो ओळखीचा ‘हूप’ असा आवाज बरेचदा ऐकूच येत नाही. बाळ मध्येच श्वास घ्यायचे थांबते, ओठ निळसर पडतात. लहानपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरते, म्हणून प्रौढांसाठी टीडॅप या लसीचा एक डोस आहे. तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा मावशी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा बोलणे पक्के होताच ती द्यावी.

दुसरी लस इन्फ्लुएन्झाची. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ती देताच येत नाही, त्यामुळे त्या वयात आजूबाजूच्या माणसांनी ती घेणे हाच मार्ग उरतो. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लूची मोठी लाट येते, म्हणून ही लस दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घ्यावी. ते दिवस नागपुरात ४५ अंशांचे असतात, आणि या दोन्ही लसी २ ते ८ अंश तापमानातच टिकतात. औषधाच्या दुकानातून लस घेऊन पर्समध्ये टाकून दवाखान्यात आणणारी मंडळी मला दर उन्हाळ्यात भेटतात. कुणी काळजीपोटी ती घरच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. पण गोठल्यावरही या लसी निकामी होतात. लस दवाखान्याच्याच फ्रिजमधून घ्यावी, हे बरे.

प्रश्न : आमच्या मावशी म्हणतात, ‘गरोदरपणी दोन इंजेक्शने घेतली होती, मागच्या वर्षी खिळा लागला तेव्हाही घेतले.’ एवढे पुरे नाही का? (मानेवाडा)

नाही. ती इंजेक्शने टीटी किंवा टीडीची असतात. टीटी धनुर्वाताची, टीडी धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्याचा घटक दोन्हींत नसतो. टीडॅप सरकारी कार्यक्रमात नाही, ती खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते.

प्रश्न : घरात सासू-सासरे आहेत, मालिशवाली बाई येते, मोठा मुलगा शाळेत जातो. मग एकट्या मावशींनाच लस घ्या म्हणणे मला अवघड वाटते. (महाल)

आपल्याला अवघड वाटते ते योग्यच आहे. नातवाला छातीशी धरून खोकणारे आजोबा आणि दिवसाला चार-पाच घरी जाणारी मालिशवाली यांना सोडून केवळ पगारी माणसाकडे संशयाने पाहणे शास्त्रालाही धरून नाही. जो कुणी बाळाच्या चेहऱ्याजवळ रोज वावरतो, तो या यादीत येतो. आपल्या मोठ्या मुलाचा पाचव्या-सहाव्या वर्षीचा बूस्टर राहिला असेल तर तो आधी द्यावा.

मात्र सर्वांत भरवशाचा उपाय या साऱ्यांच्या आधीचा आहे, आणि तो म्हणजे गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांदरम्यान आईने टीडॅप घेणे. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि जन्मापासून पहिले काही महिने त्याच्यासोबत राहतात. घरातल्यांच्या लसी ही दुसरी फळी होय. टीडॅप घेतलेल्या माणसाला आजार होण्याची शक्यता घटते, परंतु त्याच्या घशातून जंतूचा प्रसार पूर्णपणे थांबेलच असे नाही. म्हणून हात धुणे, खोकला असताना बाळापासून दूर राहणे आणि बाळाचे मुके न घेणे यांतून लस घेतलेल्यांनाही सूट नाही.

प्रश्न : मावशींना तीन आठवड्यांपासून खोकला आहे. त्यांना बीसीजी द्यावी का? (सदर)

बीसीजी नको, तपासणी हवी. बीसीजी तान्ह्या मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. खोकणाऱ्या प्रौढावर तो इलाज नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी करावी. ती नागपुरातील मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत मोफत होते. निदान होईपर्यंत मावशींना पगारी सुट्टी द्यावी. पगार कापला जाणार हे ठाऊक असले की माणूस खोकला पदराआड दाबतो, आणि त्याचे मोल बाळाला चुकवावे लागते. क्षयरोग निघालाच, तर औषधे मोफत मिळतात, निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात; पुन्हा कामावर कधी यायचे ते उपचार करणारे डॉक्टर सांगतील. मात्र आपल्या बाळाला तातडीने बालरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण लहान मुलांना प्रतिबंधक औषध द्यावे लागू शकते.

प्रश्न : कामावर ठेवण्याआधी आम्ही हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्हीचे अहवाल मागितले. बाई तयार नाहीत. लसीचा खर्चही त्यांनीच करावा ना? (वर्धा रोड)

हे दोन्ही आजार बाळाला उचलून घेण्याने, भरवण्याने किंवा अंघोळ घालण्याने पसरत नाहीत, त्यामुळे या अहवालांतून आपल्या बाळाचे काहीच रक्षण होणार नाही. शिवाय नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायद्याने मनाई आहे. बाईंचा नकार रास्त आहे.

खर्चाचे म्हणाल, तर तो आपणच करावा. एकट्या टीडॅपलाच हजार रुपयांच्या वर लागतात. संरक्षण आपल्या बाळासाठी हवे असताना हा भार तिच्या पगारावर टाकणे मला पटत नाही. लस आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे सोबत जाऊन द्यावी, मावशींच्या शंका त्यांनाच विचारू द्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी हात दुखला तर रजा द्यावी. नोंदीचा कागद मावशींकडेच राहू द्यावा. उद्या त्या दुसऱ्या घरी लागल्या तरी तो उपयोगी पडेल.

प्रश्न : मी एका घरी चार महिन्यांचे बाळ सांभाळते. माझे स्वतःचे बाळ आठ महिन्यांचे आहे आणि अंगावर पिते. मालकीणबाई लसी घ्या म्हणतात. दुधातून माझ्या बाळाला किंवा हातातून त्यांच्या बाळाला काही होईल का? (उमरेड रोड)

नाही, ताई. टीडॅप आणि फ्लूचे इंजेक्शन यांत जिवंत जंतू नसतात, त्यामुळे त्यांच्यापासून कुणालाही आजार लागत नाही, आणि स्तनपान चालू असताना दोन्ही घेता येतात. गोवराची एमएमआर ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते. अंगावर पाजणाऱ्या आईला तीही चालते, फक्त दिवस गेले असतील तर ती घेऊ नये आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. आपल्याला कांजिण्या येऊन गेल्या असतील तर कांजिण्यांच्या लसीची गरज नाही. आल्या नसतील आणि लस घेतली, तर पुढचे काही आठवडे अंगावर पुरळ येते का ते पाहावे. आले तर ते सुकेपर्यंत दोन्ही बाळांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपल्या बाळाला नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा आहे. तो डागा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. त्या दिवसाची सुट्टी मालकीणबाईंकडे आजच सांगून ठेवा.