शत्रू किती पाळ्यांवर आहे?

संगणकावरचे डावपेचांचे खेळ दृष्टिहीन खेळाडूंना खेळता यावेत यासाठी त्यांत काय बदल करावे लागतात, याविषयी आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मुलाची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. पूर्वी तो असे खेळ तासन्‌तास खेळत असे. आता त्याला ते खरोखर खेळता येतील, की नुसते ऐकत बसावे लागेल? (एक पालक, कागल)

खरोखर खेळता येतील. बुद्धिबळाचे उदाहरण पाहा. दृष्टिहीनांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, मोहरा रोवून ठेवण्यासाठी प्रत्येक घराला भोक असते आणि काळ्या मोहऱ्यांवर हाताला लागेल अशी खूण असते. नियम मात्र तेच राहतात. चाल मोठ्याने सांगायची असल्यामुळे आणि बी, सी, डी, ई ही अक्षरे कानाला सारखीच लागत असल्यामुळे, जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांत पटाच्या आठ स्तंभांना ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव आणि हेक्टर अशी नावे दिली आहेत. संगणकावरच्या खेळातही खेळ सोपा करायचा नसतो, तो कळण्याची वाट तेवढी बदलायची असते. आपल्या मुलाने आरंभी पाळीपाळीने चालणारे खेळ घ्यावेत, कारण त्यांत ऐकून विचार करायला सवड मिळते. सतत चालू राहणारी लढाईच हवी असेल, तर केवळ आवाजावर खेळायचा ‘साउंड आरटीएस’ हा खेळ आहे.

प्रश्न : मी एका मुक्तस्रोत खेळात षटकोनी घरांचा नकाशा वाचून दाखवण्याची सोय करत आहे. प्रत्येक घराची पूर्ण माहिती बोलली जाते, तरी खेळणारे कंटाळतात. काय चुकते? (एक विद्यार्थी, राजारामपुरी)

अशीच सोय एका खेळात करताना हीच चूक मीही केली होती. माझ्या टेबलाशी बसलेला एक दृष्टिहीन तरुण बाणाच्या कळा दाबत होता आणि संगणक ‘स्तंभ बारा, ओळ सात, गवत, रिकामे, स्तंभ तेरा, ओळ सात, गवत, रिकामे’ असे म्हणत होता. विसाव्या घराला त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, ‘‘सर, मला सातबारा नको, शत्रू किती पाळ्यांवर आहे तेवढं सांगा.’’

कोल्हापुरात बिंदू चौकात कोणी अंबाबाईचे देऊळ विचारले, तर आपण अक्षांश-रेखांश सांगत नाही. भवानी मंडपाकडे चला, तेथून देऊळ लगतच आहे, असे सांगतो. डोळस खेळाडूही नकाशा घर-घर वाचत नाही. तो त्या चित्राला प्रश्न विचारतो, की सर्वांत जवळचा शत्रू कोण, माझे कोणते पथक अजून हललेले नाही, या गावापर्यंत आज पोहोचता येईल का. अशा प्रत्येक प्रश्नाला एकेक कळ द्यावी. शत्रूंची यादी अंतराच्या क्रमाने असावी, आणि ते अंतर घरांत न मोजता पाळ्यांत मोजावे, कारण मध्ये डोंगर असेल तर चार घरे म्हणजे तीन पाळ्याही होऊ शकतात.

घर-घर फिरण्याची सोयही ठेवावीच, पण बोलण्याचा क्रम उलटा करावा : आधी पथक आणि ते कोणाचे, मग जमीन, आणि स्तंभ-ओळ अगदी शेवटी, म्हणजे पुढची कळ दाबून ते मध्येच तोडता येते. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या डावपेचांच्या खेळाप्रमाणे षटकोनाची सपाट बाजू वर असेल, तर वर, खाली आणि चार तिरप्या अशा सहा दिशा होतात, आणि क्यू, डब्ल्यू, ई, ए, एस, डी या सहा कळा बोटांखाली जवळजवळ त्याच मांडणीत असतात. चार बाणांवर सहा दिशा बसवण्याचा खटाटोप करू नये.

प्रश्न : खेळात मराठी निवेदन ध्वनिमुद्रित करून घालावे का? (इचलकरंजी)

पार्श्वकथेसाठी अवश्य घालावे. खेळाच्या माहितीसाठी नको. रोजचा वापर असलेले लोक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, इतक्या वेगाने ऐकतात, की नवख्याला त्यातला शब्दही कळत नाही, आणि त्यांना निवेदकाचा संथ आवाज म्हणजे शिक्षाच. मजकूर त्यांच्या स्क्रीन रीडरकडे सोपवावा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या प्रोग्रामरने 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक हा संगणकी आवाज मराठीही बोलतो. इन्सर्ट आणि कॅप्स लॉक या कळांना मात्र हात लावू नये, त्या स्क्रीन रीडरच्या कामाच्या आहेत.

प्रश्न : यादीतून शत्रू आपोआप सापडत असेल, तर ती डोळस प्रतिस्पर्ध्याशी फसवणूक होत नाही का? (गडहिंग्लज)

यादी कोठून बनते, यावर ते ठरते. मी केलेल्या सोयीच्या पहिल्या आवृत्तीत ती थेट खेळाच्या अंतर्गत नोंदींतून बनत असे, त्यामुळे धुक्याआड, म्हणजे नकाशाच्या खेळाडूला न दिसणाऱ्या भागात, लपलेले सैन्यही त्यात येई. त्याच तरुणाने मला सलग तीन डाव हरवले आणि मग अगदी निरागसपणे विचारले, ‘‘सर, तुम्हाला हे दिसत नाही का?’’ तेव्हापासून माझा नियम असा, की पडद्यावर काय काढायचे हे जो कोड ठरवतो, त्यालाच विचारून वाचायचे. वाट शोधून देणाऱ्या कळेवरही लक्ष असावे : ती अदृश्य पथकाला वळसा घालून वाट सांगत असेल, तर तिने न बोलता गुपित फोडलेले असते. जवळचा शत्रू सांगणे हे डोळ्यांचे काम आहे आणि ते करावे. कोणावर हल्ला करावा हे सांगणे खेळाडूच्या डोक्याचे काम आहे, ते करू नये.

याच वाचकांनी पुढे विचारले आहे, की जुन्या खेळांत स्क्रीन रीडर अगदीच गप्प का राहतो. बहुतेक गेम इंजिने, म्हणजे ज्यांवर खेळ उभारले जातात ती तयार साधने, बटणे आणि अक्षरे स्वतःच चित्रासारखी रंगवतात, त्यामुळे स्क्रीन रीडरच्या हाती एक कोरी खिडकीच येते. 2025 मध्ये आलेल्या गोडो 4.5 या गेम इंजिनात ॲक्सेसकिट या स्क्रीन रीडरशी जोडून देणाऱ्या कोडच्या आधारे स्क्रीन रीडरची सोय प्रायोगिक स्वरूपात आली आहे. इतरत्र हा जोड बहुधा आपल्यालाच द्यावा लागतो. आपला खेळ कोणत्या स्थितीत आहे हे पाहण्यासाठी मॉनिटर बंद करून एक डाव सुरू करावा, आणि ‘पाळी संपवा’ हे बटणच सापडले नाही, तर काम तेथूनच सुरू करावे.