बालसंरक्षणाच्या केसमध्ये कुटुंबाला सहभागी करून घेण्याचा खरंच उपयोग होतो, की ती नुसती कागदावरची गोष्ट आहे?

होतो. पण आईचा अंगठा घेतला म्हणजे सहभाग झाला, असं नसतं. तुम्ही नुकत्याच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन कामाला लागलात म्हणता, म्हणून सांगते.

२०१३ ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी तेव्हा एका बालगृहात समुपदेशक होते, कंत्राटी. रेल्वे स्टेशनवर सापडलेला नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. बीडकडचा, आईबाप कारखान्यावर ऊसतोडीला. अहवालात लिहिलेलं: घरातून पळालेला, पालक निष्काळजी, बालकल्याण समितीसमोरच्या दोन्ही तारखांना गैरहजर. (अशा मुलांचा निर्णय ही समिती घेते.) तेवढ्यावर आमच्या सरांनी मुलाला अठरापर्यंत संस्थेत ठेवायची शिफारस करून टाकली होती.

गैरहजर का, हे कुणी विचारलंच नाही. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतलेली माणसं उसाचा फड सोडून तारखेला येणार कशी? खाडा झाला की मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, पैसे कापतो.

तिसऱ्या तारखेला आजी आली, आईची आई. तीन एसट्या बदलून. फडक्यात बाजरीच्या भाकरी, कागदात तिळाची चटणी. साडेतीन तास बाकावर बसून होती. शिपायानं एकदाच हाक मारली, तीही सही येते का विचारायला. मी पाणी दिलं आणि सहज विचारलं, आजी, हा पळाला कशानं?

"पळून न्हाई गेला बाई. माझ्याकडं येत व्हता. चुकीच्या गाडीत बसला."

धाकट्या बहिणीला सांभाळायला त्याला आईबापांनी कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर नेलं होतं. शाळा बुडत होती, म्हणून निघाला होता घरी. आणि आम्ही त्याला चार वेळा बसवून विचारलं होतं, "तुला घरी का राहायचं नाही?" पोरगं गप्प राहणार नाही तर काय करणार!

तोडगाही आजीनंच काढला. म्हणाली, धाकटीलाबी माझ्याकडंच ठेवा. आम्ही बालसंगोपनचा, म्हणजे मुलाला संस्थेऐवजी कुटुंबात सांभाळायला सरकारी मदत देणाऱ्या योजनेचा अर्ज केला. तेव्हा महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, आता २,२५० आहेत.

सर माझ्यावर चिडले. "पालकांना विचारून केस चालवायची तर समिती कशाला?" तेव्हा मी गप्प बसले. आता सांगते: सर, २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं तिसरं कलम वाचा. मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, संस्था हा शेवटचा उपाय.

तुम्ही काय करायचं? आईबापांवर थांबू नका, आजी-मावशी-आत्या शोधा. मजुरी बुडणार नाही अशी वेळ गाठा. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत अहवालात उतरवा. सामाजिक तपासणीला, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून अहवाल द्यायला, पंधरा दिवस असतात, त्यातला एक दिवस यासाठी सहज निघतो.

अर्थात घरातल्याच माणसानं मुलाला मारहाण किंवा लैंगिक अत्याचार केला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथे सगळ्यांना एकत्र बसवायच्या भानगडीत पडू नका, आधी मूल सुरक्षित करा. मग मुलाला विचारा, तुला कुणाकडे जावंसं वाटतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

आणि गृहभेट म्हणजे घरी जाणं. त्या मुलाच्या अहवालात "आजोळ, पत्र्याचं घर, जागा अपुरी" असं लिहिलेलं होतं. नंतर मी जाऊन आले. माळवदाचं घर आहे, पुढं ऐसपैस ओसरी, आणि शाळा तिथून दिसते.