‘बदली कामगार’ कुठून बदलून आलेला असतो?

एका मैत्रिणीने विचारलं आहे. मुंबईच्या गिरण्यांवरचा मजकूर वाचताना तिला एक वाक्य भेटलं: ‘तीन वर्षं बदलीत काढली, मग कायम झालो.’ तिला वाटलं, हा माणूस तीन वर्षं या गिरणीतून त्या गिरणीत पाठवला जात होता. पण मग ‘कायम’चा काय संबंध?

बदली म्हटलं की ट्रंक, बाडबिस्तरा आणि नवं गाव, हा अर्थ सरकारी नोकरीने आपल्या कानात पक्का बसवलाय, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. गिरणीतली बदली मात्र निराळी. अरबी-फारसीतून आलेल्या ‘बदल’ या शब्दात एकाच्या जागी दुसरा हा अर्थ आहेच. ‘त्याच्या बदली मी जातो’, ‘भाताच्या बदल्यात मीठ’, क्रिकेटमधला ‘बदली खेळाडू’, या सगळ्यांत तोच आहे. बदली कामगार म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहिलेला कामगार. तो कुठूनही बदलून आलेला नसतो. ‘बदली’ इथे विशेषणासारखा वापरलाय आणि तो बदलत नाही: एक बदली कामगार, शंभर बदली कामगार. गिरणगावात तर ‘कामगार’ गळून नुसतं ‘तो बदली आहे’ असंच म्हणत.

या शब्दाची इतकी गरज गिरणीलाच का पडली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावात विणकर तापाने पडला तर त्याचा माग त्याची वाट बघत थांबे. माग त्याचा, घरही त्याचंच. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी काढली आणि पाठोपाठ परळ-लालबागपर्यंत चिमण्या उभ्या राहिल्या. तिथे माणूस नाही म्हणून साचा, म्हणजे गिरणीतलं यंत्र, थांबवणं मालकाला परवडणारं नव्हतं. म्हणजे आधी ‘जागा’, मग माणूस. कामापासून माणूस असा सुटा झाला, तेव्हाच ‘बदली’ हे रोजच्या बोलण्यातलं नाव झालं.

आणि गैरहजेरी तर ठरलेलीच. खात्यातला उकाडा, दमट हवा, नाकातोंडात जाणारा कापूस. त्यात रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या माणसाची शेती गावीच, तेव्हा पेरणी-कापणीला त्याला जावंच लागे. त्याच्या जागेसाठी सकाळी भोंग्याच्या आधी दारावर माणसं उभी असत. कुणाला आत घ्यायचं हे जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, ठरवी, आणि त्याची मर्जी दस्तुरीवर चाले. दस्तुरी म्हणजे रिवाजाचं रूप घेतलेली लाच. महिन्यात किती दिवस भरतील हे बदलीला कधीच सांगता येत नसे, पण खाणावळीचे पैसे महिन्याचे द्यावे लागत आणि गावी मनिऑर्डरीची वाट बघणारी माणसं असत. त्यामुळे उधारी सुटत नसे. खोलीत जागा, कर्जाला जामीन, जॉबरच्या कानावर नाव घालणं, हे सगळं गाववाल्याकडूनच होई. गावकी शहरात येऊन मोडली नाही, उलट घट्ट झाली, त्याचं एक मोठं कारण मला या अनिश्चित हजेरीत दिसतं. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांना कार्डं द्यायची पद्धत आणली. हेतू जॉबरची मनमानी आवरण्याचा होता. पण कार्ड मिळालं तरी रोज सकाळी दारावर हजर राहणं सुटलं नाही.

शब्दाचा पुढचा प्रवास मला अस्वस्थ करतो. इंग्रजीत भाषांतर न होता आपला ‘बदली’ जसाच्या तसा 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात गेला. कलम 25-सीमध्ये त्याची व्याख्या होती: हजेरीपटावर ज्याचं नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी नेमलेला. ही व्याख्या तिथे कशासाठी आली? काम नसल्यामुळे घरी बसवलेल्या कामगाराला भरपाई द्यायची, पण बदली कामगाराला वगळायचं, म्हणून. सलग वर्षभराची नोकरी भरली की मात्र त्या कलमापुरता तो बदली उरत नसे. म्हणून ‘दिवस भरणे’ या साध्या क्रियापदाला गिरणगावात एवढं वजन. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपात बोनस-पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा ही मागणीही होती, हे पुष्कळदा सांगायचं राहून जातं.

आता मैत्रिणीच्या वाक्याकडे. ‘बदलीत काढली’ म्हणजे तीन वर्षं इतरांच्या सुट्यांवर आणि आजारपणांवर तो जगला. ‘कायम झालो’ म्हणजे हजेरीपटावर त्याचं स्वतःचं नाव लागलं.

अनुवाद करणाऱ्यांना एक विनंती. यासाठी ‘हंगामी’ लिहू नका, हंगामी माणूस साखर कारखान्याच्या गळितासारख्या ठरावीक काळाचा. ‘कंत्राटी’ही नको, त्याचा मालक मधला ठेकेदार असतो. ‘रोजंदारी’ हा मजुरी मोजायचा प्रकार झाला. ‘बदली’च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘दुसऱ्याच्या जागी’ एवढे दोन शब्द जोडा.