बीपीची गोळी आणि वाढलेले क्रिएटिनिन

“ताई, गोळी सुरू केली आणि तीन आठवड्यांत क्रिएटिनिन वाढले, किडनी वाचवणारी गोळीच किडनी खाते आहे की काय?” रावेर तालुक्यातील एक केळी उत्पादक आबा मुलासह जळगावला माझ्याकडे आले होते. मधुमेह अकरा वर्षांचा, बीपी १४८/८८ आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन १८० (३०च्या आत हवे), म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली होती. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा, १.१ वरून १.३ झालेले पाहून मुलाने ती परस्पर बंद केली. ही भीती मला इतक्या घरांत भेटते की मी आता रिपोर्ट आधी मागते आणि बोलणे नंतर करते.

मधुमेहात किडनीच्या गाळणीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर आतून दाब वाढतो आणि प्रथिने लघवीत झिरपू लागतात. ही गोळी गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी सैल करते. दाब उतरतो, गाळण्याचा वेग किंचित मंदावतो आणि म्हणून क्रिएटिनिन सुरुवातीला थोडे वर जाते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा स्वीकारतात, मात्र पोटॅशियम तपासूनच, कारण या गोळीने तेही वाढू शकते. आबांची वाढ सुमारे १८ टक्के होती. ते लगेच म्हणाले, “ठिबकचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला की लॅटरल नळीतले प्रेशर उतरते, तसेच ना?” इतकी नेमकी उपमा मला आजवर सुचली नव्हती.

मुलाचा प्रश्न वेगळा होता: बीपी नॉर्मल झाल्यावर गोळी थांबवायची ना? त्याला मी ब्रिटनमधील यूकेपीडीएस या मधुमेहावरील अभ्यासाविषयी सांगितले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बीपीविषयीच्या भागात ११४८ रुग्ण होते. ज्या गटाचा बीपी सरासरी १४४/८२ राखला गेला, त्यात डोळे आणि किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार १५४/८७ असलेल्या गटापेक्षा ३७ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन वर्षांत दोन्ही गटांच्या बीपीतला फरक मिटला आणि पुढे, २००८च्या अहवालानुसार, तो लाभही टिकला नाही. त्याच अभ्यासातील साखरेच्या नियंत्रणाचा फायदा मात्र वर्षानुवर्षे टिकून राहिला होता. बीपीची कमाई शिल्लक पडत नाही.

पोटॅशियम ४.६ आल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. बिबडे, पापड आणि लोणच्यातले मीठ कमी करण्यावर घरात बरीच कुरबुर झाली. सांधेदुखीसाठी मेडिकलमधून आणली जाणारी गोळी मी थांबवायला लावली, कारण किडनीला खरा धोका तिचा होता. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले, तर बीपीच्या गोळीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, हेही ठरले. स्वतःच्या बागेतली केळी खायची की नाही, हा आबांचा शेवटचा प्रश्न. पोटॅशियम ठीक असल्याने बंदी नव्हती, पण साखरेमुळे अर्धेच केळे.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी अकरा वर्षांत एकदाही झालेली नव्हती. पुढच्या मंगळवारची वेळ मी तिथेच, मुलाच्या समोर, फोनवरून घेतली.