शीडनौकेतून लांबच्या सागरी सफरीवर खरा धोका कशाचा असतो?

चाचे आणि शार्क यांचीच धास्ती बहुतेकांना असते. परंतु चाच्यांचा उपद्रव ठरावीक पट्ट्यांपुरता असतो आणि शार्कची चिंता तर सोडूनच द्यावी. वादळ मात्र थट्टेचा विषय नाही: २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. तथापि ऋतू पाहून निघणाऱ्याला असे वादळ क्वचितच गाठते. माझ्या मते खरा धोका रात्री तोल जाऊन पाण्यात पडण्याचा आहे, कारण शिडावर धावणारी नौका वळवून परत आणेपर्यंत लाटांमध्ये माणसाचे डोके दिसेनासे होते. म्हणून लघवीसाठी कठड्याशी जातानाही अंगावरचा सुरक्षापट्टा नौकेला अडकवलेला हवा. त्याखालोखाल अपुरी झोप आणि किनाऱ्याजवळचे खडक.