वाचक विचारतात: सर्व्हर नवा, फाइली जुन्या आणि रोज सकाळी ‘ॲक्सेस डिनाइड’

प्रश्न: आमचं सांगलीत टॅक्सच्या कामाचं छोटं ऑफिस आहे, सहा जण आहोत. जुना फाइल सर्व्हर सेंटओएस ६ वर (लिनक्सचाच एक प्रकार) होता. आता नवीन मशीनवर उबुंटू २२.०४ (हेही लिनक्सच) टाकलंय, जुनी हार्डडिस्क यूएसबीने लावून सगळा डेटा ‘सीपी -ए’ ने कॉपी केला, युजरची नावंसुद्धा तीच ठेवली. तरी फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, आणि लिस्ट काढली तर मालकाच्या जागी नावाऐवजी ५०१, ५०२ असे आकडे. सर्व्हर लावून देणाऱ्याने ‘चमॉड -आर ७७७’ (सगळ्या फाइलींच्या परवानग्या एकदम बदलणारी कमांड) मारलं, त्या दिवशी चाललं, दुसऱ्या दिवशी परत बोंब. आता मी रोज सकाळी ७७७ मारतो. कायमचं काहीतरी सांगा.

उत्तर: आधी ते ७७७ थांबवा. क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट त्या फोल्डरमध्ये असणार, आणि ७७७ म्हणजे त्या मशीनवर ज्याचं कुठलंही खातं आहे त्याला सगळं मोकळं, अगदी स्कॅनरसाठी काढलेल्या खात्यालासुद्धा.

तुमच्याकडे दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि ती एकच समजून औषध चाललंय. पहिलं आकड्यांचं. लिनक्स फाइलवर मालकाचं नाव लिहीतच नाही, फक्त नंबर लिहितं. सेंटओएस ६ पहिल्या युजरला ५०० नंबर द्यायचं, उबुंटू १००० पासून सुरू करतं, त्यामुळे नाव तेच ठेवलं तरी माणूस वेगळाच झाला, आणि ‘सीपी -ए’ ने इमानदारीत जुने नंबर जसेच्या तसे आणून ठेवले. जुनी डिस्क अजून पुसली नसेल तर पुसू नका, तिच्यातल्या ईटीसी फोल्डरमधली पासडब्ल्यूडी आणि ग्रुप ही दोन्ही उघडा आणि कुठला नंबर कुणाचा ते कागदावर उतरवा. मग एकेक करून ‘सुडो फाइंड /एसआरव्ही/ऑफिस -युआयडी ५०१ -एक्झेक चाउन -एच नवंनाव {} +’ (छपाईसाठी देवनागरीत देतोय, मारताना इंग्रजीत मारा, आणि फोल्डरचा पत्ता तुमचा घाला). ग्रुपसाठी असंच, -जीआयडी आणि चग्रप वापरून. तुमच्या केसमध्ये ५०० चे हजार होतायत म्हणून गोंधळ नाही, पण ज्यांच्या दोन्ही मशीनवर हजाराच्याच सिरीज आहेत त्यांनी जपून, कारण १००१ चे १००२ केले आणि मग १००२ चे १००१ करायला गेलात तर दोघांच्या फाइली एकाच्याच नावावर जातात. शेवटी ‘फाइंड’ ला -नोयुजर -ओ -नोग्रुप देऊन बघा, काही आलं नाही म्हणजे बेवारस फाइल उरली नाही.

आता रोज सकाळचं दुखणं, खरी मेख इथे आहे. ७७७ फक्त त्या क्षणी असलेल्या फाइलींना लागतं. आणि एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाही, शेजारी नवी तात्पुरती फाइल बनवून तिलाच जुनं नाव देतं, म्हणजे ज्याने शेवटी सेव्ह केलं तो मालक आणि परवानग्या परत पहिल्यापासून. त्या ठरवतो सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम, आणि त्याचा मूळ क्रिएट मास्क (नव्या फाइलीला जास्तीत जास्त कुठल्या परवानग्या द्यायच्या ती मर्यादा) आहे ०७४४, त्यात ग्रुपला लिहायची सोयच नाही. म्हणजे संध्याकाळी एकाने रिटर्नची शीट सेव्ह केली की बाकीच्यांसाठी ती फक्त वाचायला. तुमचा सर्व्हरवाला शंभर वेळा ७७७ मारेल, काही उपयोग नाही.

करायचं असं: ‘ऑफिस’ नावाचा एक ग्रुप करा, सहाही जणांना ‘युजरमॉड -एजी’ ने त्यात घाला (त्यातला ए विसरलात तर माणूस बाकी सगळ्या ग्रुपमधून बाहेर, सुडो म्हणजे ॲडमिनच्या ग्रुपमधूनसुद्धा!). सगळ्या फाइलींचा ग्रुप तोच करा. मग फाइंडने फोल्डर वेगळे काढून त्यांना चमॉडने २७७०, फाइलींना ६६०, म्हणजे मालक आणि ग्रुपला वाचायला-लिहायला मोकळं, बाकीच्यांना बंद. सुरुवातीचा तो २ महत्त्वाचा, त्यामुळे आत नवं जे काही बनेल ते ऑफिस ग्रुपचंच होतं. आणि सांबाच्या कॉन्फिगमध्ये त्या शेअरखाली तीन ओळी: फोर्स ग्रुप = ऑफिस, क्रिएट मास्क = ०६६०, डिरेक्टरी मास्क = २७७०. ‘टेस्टपार्म’ चालवून चूक नाही ना बघा, एसएमबीडी (सांबाची सर्व्हिस) रिस्टार्ट करा, आणि सगळ्यांना विंडोजमधून एकदा लॉगऑफ करून परत यायला सांगा, नाहीतर जुनंच कनेक्शन धरून बसतात आणि तुम्हाला वाटतं काही झालंच नाही.

प्रश्न: मी रॉकी लिनक्सवर गेलोय. मालक, ग्रुप, परवानगी सगळं तपासलं, बरोबर आहे, तरी सांबातून फोल्डर उघडत नाही. एसई-लिनक्स बंद करू का?

उत्तर: कायमचं नको. ते परवानग्यांच्या वरचं लिनक्सचं जादा कुलूप आहे, फाइलींवरचं लेबल बघून कुठल्या प्रोग्रामला काय उघडू द्यायचं ते ठरवतं. ‘सेटएनफोर्स ०’ करून दोन मिनिटं बघा, उघडलं तर संशय खरा, लगेच परत १ करा. ‘एलएस -झेड’ मारलं की बहुतेक फाइलींवर युजर_होम_टी दिसेल, कारण डेटा आधी होममध्ये आणून तिथून ‘एमव्ही’ केलेला असतो, आणि एमव्ही जुनं लेबल सोबत घेऊन जातं. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ ने त्या पत्त्याला सांबा_शेअर_टी लावा, मग ‘रिस्टोरकॉन -आरव्ही’. नुसतं ‘चकॉन’ करू नका, पुढे कधी सगळ्या डिस्कचं रीलेबल झालं की ते पुसलं जातं.